मुक्कामी गाडीच्या टपावरची पेटी

पनवेलला मुद्दाम कुणी जात नाही. पनवेलला गाडी बदलतात. आमच्या महाबळेश्वराच्या बाजूची निम्मी माणसं मुंबईला कामाला आहेत. त्या सगळ्यांनी पनवेल पाहिलेलं आहे, पण विचाराल तर स्टँडवरच्या चहापलीकडे कुणाला काही सांगता येणार नाही. मी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकोला घेऊन खास पनवेलला गेलो आणि आठवडाभर राहिलो. गावात अजून विचारतात, "गुरुजी, एवढं काय हो होतं तिथं?" तिथं माझा साडू होता.

भावाशी जमतं, शेजाऱ्याशी जमतं, प्रसंगी हेडमास्तरांशीही जमतं. साडूशी जमवून घ्यायला मन मोठं लागतं, आणि ते माझ्याकडे नाही. सुमन माझी बायको, मंदा तिची धाकटी बहीण. मंदाचा नवरा दत्ताराम पनवेल डेपोत एसटीचा कंडक्टर आहे. त्यांच्या लग्नात मी आहेर म्हणून मधमाश्यांची एक पेटी दिली होती. माझ्या वडिलांनी डोंगरातल्या ढोलीतून काढलेल्या सातेरी माश्यांचा तो वंश, आणि पेटीही त्यांच्याच हातची, कोपरा फुटला तिथं रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकलेली. देताना मी मनात म्हटलं होतं, पनवेलच्या उकाड्यात या महिनाभर टिकल्या तरी पुष्कळ झालं.

त्या टिकल्या. दर दिवाळीला दत्तारामकडून मधाची बाटली येऊ लागली आणि सुमन ती आल्यागेल्याला चाखवू लागली. माझ्या घरात माझा मध फळीवर, आणि साडूचा मध पाहुण्यांच्या तळहातावर.

तेही मी गिळलं असतं. पण या सुट्टीच्या दोन वर्षं आधी आमच्या डोंगरात माश्यांच्या अळ्या कुजायचा रोग आला. एकेक करून सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या. माझ्याच नाहीत, साऱ्या खोऱ्यातल्या. त्या चैत्रात जांभळी फुलल्या तेव्हा मी झाडाखाली जाऊन उभा राहिलो. झाड पांढरं झालेलं, आणि आवाज नाही. फुलं तशीच गळून गेली. जांभळंही त्या वर्षी नावाला धरली. वडिलांच्या माश्यांचा वंश आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, दत्तारामच्या परड्यात.

तेव्हा काम एवढंच होतं. जायचं आणि म्हणायचं, मला एक पेटी द्या.

"तुम्ही मागाल ना, का मी मागू?" सुमननं निघतानाच विचारलं.

"माझ्या वडिलांच्या माश्या आहेत. मीच मागेन," मी म्हणालो.

पनवेल स्टँड

दत्ताराम आम्हाला घ्यायला स्टँडवर आला होता, ड्यूटी संपवून, खाकी कपड्यांतच. आम्हाला घ्यायला आला म्हणजे आमच्याशी बोलला असं नाही. त्याला सवडच मिळेना. एक भाजीवाली टोपली सावरत आली आणि म्हणाली, "मास्तर, आमच्या थांब्यावरचा करंज फुललाय बरं का, आजच बगितला." तिच्या मागून एक म्हातारा आला, "मास्तर, शेवगा गलला, पेटी हलवा आता." कॉलेजच्या पोरानंही येऊन सांगितलं की त्यांच्या पाड्याजवळचा शिरीष उमलायला लागलाय. दत्ताराम प्रत्येकाला मान हलवून "येतो, येतो" म्हणत होता.

इकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. मी खरा मास्तर, पंचवीस वर्षं खडू झिजवलेला, आणि मी वळकटीवर बसलेलो.

हे सगळं मला फार लागलं. आमच्याकडं कुणाच्या रानात काय फुललंय ते सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. माझे वडील जांभळाच्या राईत पेट्या बघायला निघाले की आधी उलट्या दिशेनं ओढ्यापर्यंत जायचे, मग वळायचे. हिरडा फुलला का विचारलं तर "काय की" म्हणायचे. आणि इथं सगळा तालुका येऊन या माणसाच्या कानात फुलोरा सांगत होता. तोही फुकट.

त्याची युक्ती मला वाटेत कळली. दत्तारामच्या गाडीचा जो थांबा उघडा, सावली नसलेला, तिथं त्यानं करंजाचं नाहीतर शिरीषाचं रोप लावलेलं होतं. पाणी घालायला तो थोडाच जाणार? गाडीची वाट बघणारे लोक घालायचे. आता ती झाडं मोठी झाली आहेत. लोकांना सावली, माश्यांना फुलं, आणि दत्तारामला दुवा. तीन गोष्टी एका रोपात, म्हणून माझ्या पोटात जरा जास्तच दुखलं.

ओवे

दत्तारामचं ओवे गाव खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. भातखाचरं कोरडी पडलेली, बांधांवर करंज, घराघरामागं शेवगा आणि दोनचार नारळ. मंदानं जेवायला तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि खाडीच्या निवट्यांचं कालवण केलं होतं. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. आमच्याकडचं माणूस त्यांना बघून दोन पावलं मागं सरेल. मी खाल्ले. उत्तम होते. मी तसं म्हणालो नाही.

जेवण झाल्यावर मंदानं पितळी पेल्यातून मध आणला आणि उरलेल्या भाकरीवर धार धरली. आमच्या घरी मध चमच्यानं मिळतो, खोकला झाला तर. इथं पेल्यानं. सुमन डोळे मिटून खात होती.

"किंचित खारट लागतो," मी म्हणालो. "खाडीचा ना."

"तुमचं तोंडच खारट झालंय," ती डोळे न उघडता म्हणाली.

मग दत्ताराम मला परड्यात घेऊन गेला. तिथं चारच पेट्या होत्या. बाकीच्या म्हणे "बाहेरगावी". आणि चारांतली पहिली, आंब्याच्या सावलीतली, कोपऱ्याला पत्रा ठोकलेली. मी लांबूनच ओळखली. त्यानं झाकण काढलं, मी चौकट उचलली. दोन्ही बाजूंनी माश्या, दाट, निवांत, कडेला नुकता झाकलेला मध आणि मधोमध एकसारखी अळी, एकही कुजलेली नाही. वासही तोच, आमच्या माळ्यावरचा, वडिलांच्या पेट्यांशेजारचा. मी चौकट हलकेच परत ठेवली.

"काय, बरोबर हाय ना?" दत्तारामनं विचारलं. "मला यातलं काय कलत नाय. तुमी सांगितलेलं तेवडंच करतो."

आणि हे खरं होतं, हीच तर चीड होती. त्याला खरोखर काही कळत नव्हतं. राणीमाशीला तो "म्हातारी" म्हणे. चौकटी त्यानं उलटसुलट घातल्या होत्या. मला माश्यांविषयी जेवढं कळतं त्याच्या चौथाईही त्याला कळत नाही, आणि माश्या त्याच्याकडं होत्या.

हीच वेळ होती. मी घसा साफ केला. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण आली, ओटीत चार काकड्या घेऊन. "मास्तरचे पावणं ना? घ्या. माश्या आल्यापासून आमच्या काकऱ्या वाकऱ्या होत नाय, बगा कशा सरल." मी काकड्या घेतल्या. बी सगळीकडं सारखं धरलेलं, टोकापर्यंत. शाळेत परागीभवनाचा धडा मी दरवर्षी शिकवतो. असा नमुना वर्गात कधी दाखवता आला नाही.

वाक्य राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही करंजांच्या रांगेखालून हिंडलो. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा खच पडलेला आणि वर एकसारखी गुणगुण. दोन वर्षांनी तो आवाज ऐकला. मी मान वर करून उभा राहिलो तेव्हा दत्तारामला वाटलं मान अवघडली. त्याच बांधावर पांढरा चुना फासलेले दगड एका ओळीत रोवलेले दिसले.

"हे कशाचं?"

"नवीन शहर होनार हाय. मोजनी झाली," तो म्हणाला. "ही झारा जातील."

आता जे मनात आलं तेही लिहितो. क्षणभर मला बरं वाटलं. की याचंही जाणार. मग वर बघितलं, आणि ज्या माश्या त्या फुलांवर होत्या त्या माझ्या वडिलांच्या होत्या.

मुक्कामी

तिसऱ्या दिवशी दत्तारामला मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी पनवेलहून सुटून खाडीकाठच्या शेवटच्या गावी जायचं, तिथंच झोपायचं आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत यायचं. त्याच्या "बाहेरगावच्या" पेट्यांचं गुपित मला तेव्हा कळलं. ज्या गावी मुक्काम, तिथं काही फुललेलं असलं, की अंधार पडताना पेटीचं दार कापडानं बंद करून तो ती एसटीच्या टपावर चढवतो आणि घेऊन जातो. फुलोरा संपला की पुढच्या मुक्कामाला परत आणतो. माझ्या माश्यांनी सारा जन्म एका डोंगरावर काढला, जे येईल ते खाल्लं. याच्या माश्या तिकीट काढून जेवायला जातात. तिकीट म्हणजे अक्षरशः तिकीट. स्वतःच्या पेटीचं लगेज तो स्वतः फाडतो.

"खाडीला तिवर फुलाया लागलीय. चला, बगा तरी," तो म्हणाला आणि पत्र्याच्या कोपऱ्याची पेटी उचलू लागला.

"ही कशाला? दुसरी घ्या."

"हिला गाडीची सवय हाय."

माझ्या वडिलांची पेटी शिडीवरून टपावर गेली आणि काथ्यानं बांधली गेली. ड्रायव्हर शौकतभाई, पनवेलचेच, पांढऱ्या दाढीचे, खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "गुरुजी, बेफिकीर बसा. खड्डा आला की मी आधी त्या बेगमसाहेबांना विचारतो."

रस्ता मिठागरांच्या कडेनं जातो. दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन, मिठाचे ढीग, समोर द्रोणागिरीचा डोंगर आणि भरतीच्या रेषेवर तिवरांची, म्हणजे खारफुटीची, हिरवी भिंत. आम्ही डोंगरातली माणसं. एवढं सपाट बघितलं की उगाच कुणीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटतं. तिवराचं फूल अगदी साधं असतं, पिवळं, मिरीएवढं. रस्त्यानं जाणारा ढुंकूनही बघणार नाही. पण मे महिन्यात, सगळं रान आटत आलेलं असताना, ते मधानं भरतं. आमच्याकडं त्या दिवसांत मी पुढच्या पावसाळ्यासाठी साखरेच्या पाकाची तजवीज करत असे.

गावात पोचलो तर दिव्यांची झगमग. एका घरी हळद होती. इंजिन बंद व्हायच्या आत चारपाच जण आत चढले आणि दत्तारामला दंडाला धरून खाली उतरवलं. तिथली रीतच ती. गावात कार्य असलं की मुक्कामी गाडीचे कंडक्टर-ड्रायव्हर घरचे पाहुणे. "पेटी मग उतरवू," दत्ताराम मागं वळून ओरडला आणि गर्दीत दिसेनासा झाला. माझ्याही हातात कुणीतरी ताट दिलं. कोळंबी होती, ओले बोंबील होते. बाया हळदीची गाणी म्हणत होत्या आणि गाण्यात एकेका पाहुण्याचं नाव गुंफत होत्या. मास्तरचं आलं. शौकतभाईंचं आलं. मी बोंबील खात वाट बघितली. माझं आलं नाही.

आम्ही तिघंही गाडीतल्या बाकांवर झोपलो. पेटी टपावरच राहिली.

सकाळी

जाग आली ती आवाजानं. वडिलांबरोबर माळ्यावर झोपायचो तेव्हा यायची तशी जाग. मी बाहेर येऊन वर बघितलं. येताना एखादी फांदी लागून दारावरचं कापड सुटलं असणार. उजाडताच माश्या बाहेर पडल्या होत्या आणि टपावरून तिवरांकडं त्यांची ये-जा सुरू झाली होती.

खाली कोळणी टोपल्या घेऊन पहिल्या गाडीसाठी जमलेल्या. शौकतभाईंनी घड्याळाकडं बघितलं. "मास्तर, टाइम हो गया."

दत्तारामनं शिडीवर पाय ठेवला. "काय नाय, कापड लावतो आन् जाऊ."

"थांबा," मी ओरडलो. वर्गात ओरडतो तसा. "निम्म्या माश्या बाहेर आहेत. माशी घर ओळखत नाही, जागा ओळखते. गाडी गेली तर त्या परत येऊन इथंच, याच उंचीवर, रिकाम्या हवेत घिरट्या घालतील आणि मरतील."

"मंग उतरवून खाली ठिवू."

"खाली ठेवलीत तरी त्या वरच शोधतील. पेटी याच जागी, एवढ्याच उंचीवर राहिली पाहिजे, आणि खालून गाडी निघून गेली पाहिजे."

बोलून झाल्यावर माझं मलाच ते अशक्य वाटलं. पण एक कोळीण, तिला सगळे जनाबाय म्हणत होते, हळदीच्या मांडवाकडं बघून म्हणाली, "पताका लावाचा घोरा हाय ना तो." मांडववाल्याचा तो उंच लाकडी घोडा, ज्यावर चढून पताका बांधतात, तो चार गड्यांनी उचलून आणला आणि गाडीला खेटून उभा केला. टपाशी अगदी बरोबरीनं आला. दत्तारामनं आणि मी पेटी टपावरून घोड्यावर सरकवली. शौकतभाईंनी गाडी अशी काढली की जणू काचेचं भांडं उचलावं. मग मी खाली उभा राहून हात करत होतो आणि चौघं घोडा सरकवत होते, "अजून दोन हात, अजून थोडा, बास!" आणि जिथं टप होता तिथं पेटी आली.

खाडीकडून परतलेल्या माश्या हवेत अडखळल्या. एक फेरी, दोन फेऱ्या. मग एक दारावर उतरली, तिच्या मागं दुसरी, आणि रांग लागली.

टाळ्या पडल्या. "मास्तरच्या माश्या वाचल्या!" कुणीतरी ओरडलं.

मास्तरच्या. मी, गुरुजी, घोड्याचा पाय धरून उभा होतो.

आणि आणखी एक गोष्ट सांगतो. गाडीला उशीर झाला होता. टोपल्यांत मासळी, बाजाराची वेळ. आमच्याकडं एवढ्यात डेपो मॅनेजरपर्यंत आरडाओरड गेली असती. इथं एकही बाई बोलली नाही. जनाबाय तेवढी गाडीत चढता चढता म्हणाली, "चला मास्तर, व्हतं असं." शौकतभाई म्हणाले, "रस्त्यात काढतो टाइम." या माणसानं असं केलंय तरी काय, की लोकांनी त्याच्यासाठी मासळी उन्हात धरावी? मला पंचवीस वर्षांत कुणी छत्रीही धरली नाही.

"साडूभाऊ, तुमीच बसा इथं दिवसभर. मला भीती वाटते," दत्ताराम म्हणाला आणि घंटी ओढून गेला.

बसलो. गाडी वळवायच्या मोकळ्या जागेत, एका लाकडी घोड्याखाली, खुर्ची टाकून. दुपारी हळदीघरच्या बाया आल्या. नवरीची आत्या हातात ओली हळद घेऊन घोड्याच्या पायऱ्या चढली आणि पेटीच्या पाठीवर पंजा उमटवला. "ही पन पावनीच की," म्हणाली. मी "चावतील हो!" म्हणून धावलो. तिला एकही चावली नाही. माझ्या डाव्या पापणीला चावली. वडिलांच्या पेटीनं मला ओळखलं नाही याचं दुःख करत मी एका डोळ्यानं खाडी बघत बसलो.

उन्हानं सगळं सुनसान झालं तेव्हा मी एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं, "दत्ताराम, मला एक पेटी द्या." वाक्य बरं वाटलं. फार काही अवघड नव्हतं.

संध्याकाळी गाडी आली. शौकतभाईंनी ती पेटीपासून चार हात पुढं, अदबीनं उभी केली. दत्ताराम उतरला आणि पोरं, म्हातारे, हळदीघरचे, सगळे त्याच्याभोवती. तो गर्दीतून माझ्याकडं आला, माझा सुजलेला डोळा बघितला, आणि म्हणाला, "तुमी नसता तं आज गेली असती म्हातारी."

मी म्हणालो, "हं."

पेटी तिवर संपेपर्यंत तिथंच घोड्यावर ठेवायची असं ठरलं. मांडववाल्याला विचारलं तर तो म्हणाला, राहू द्या.

पुन्हा स्टँड

उरलेल्या दिवसांत मी मागितलं नाही. रोज सकाळी ठरवायचो, रोज संध्याकाळी सुमन माझ्याकडं बघायची आणि मी नजर चुकवायचो. मागायचं म्हणजे कबूल करायचं की डोंगर माझा, फुलं माझी, वडील माझे, अक्कलही माझी, आणि तरी हरलो मी. शेवटच्या रात्री सुमन म्हणाली, "रिकाम्या हातानं गेलो तर तुम्ही पुढची सगळी वर्षं त्यांच्या नावानं जळत बसाल, आणि मला ते ऐकावं लागेल." मी कूस बदलली.

महाबळेश्वरची गाडी संध्याकाळी होती. स्टँडवर पोचलो. सामान टपावर द्यायला मी शिडी चढलो, आणि वर पेटी होती.

पत्र्याचा कोपरा. पाठीवर वाळलेल्या हळदीचा पंजा. दाराला बारीक जाळी ठोकलेली, चारही बाजूंनी ओलं गोणपाट, काथ्याचे पक्के वेढे. शेजारी एका डब्यात करंजाचं रोप.

मी खाली उतरलो. सुमन घाईनं म्हणाली, "मी काही बोलले नाही हं. देवाशपथ."

दत्ताराम एका बाजूला उभा होता. "पहाटं माश्या बाहेर पराच्या आधी दार बंद केला. शौकतभाईनी सावकाश आनली. दिसभर डेपोत सावलीत ठेवलेली."

तिवर अजून भरात होती. भर फुलोऱ्यातली पेटी कुणी उचलत नाही. घरातल्या लग्नासाठीही कुणी उचलत नाही. हे त्याला कळत नसेल असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण तेवढं त्यालाही कळत होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. संताप झाला. आठवडाभर जे वाक्य मी घशात घेऊन हिंडत होतो, ते या माणसानं मला म्हणूही दिलं नाही. देण्यातही हाच पहिला. आता मी जन्मभर "साडूनं दिलेली पेटी" सांभाळायची, मी न मागता, त्यानं उदार होऊन दिलेली. गाडीचा कंडक्टर लोकांना आत चढवत होता. मी दत्तारामसमोर जाऊन उभा राहिलो.

"दत्ताराम," मी म्हणालो. आवाज फुटला, स्टँडवरची दोनचार माणसं वळली. "माझ्या सगळ्या मेल्या. एकही राहिली नाही. मला एक पेटी द्या."

दत्तारामनं माझ्याकडं बघितलं. टपाकडं नाही बघितलं. पेटी वर बांधलेली आहे, तिचं लगेजही फाडून झालेलं आहे, हे त्याला जणू ठाऊकच नव्हतं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं.

"कंची पायजे?" त्यानं विचारलं.

"जुनी. पत्र्याच्या कोपऱ्याची."

"ती होय." तो विचारात पडला. खरोखर विचारात पडल्यासारखा. "ती जरा आवरीची हाय माझी. बगू दे..."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मंदा काहीतरी म्हणायला गेली, सुमननं तिचा हात दाबला.

"बरं, न्या," दत्ताराम म्हणाला. "तुमी मागितली म्हनून."

गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून हात बाहेर काढला नाही, कारण डोळे पुसत होतो. सुमनला सांगितलं, पापणी अजून दुखते.

घरी

उजाडता उजाडता पोचलो. पेटी ओट्यावर ठेवली, सगळं शांत झाल्यावर दाराची जाळी काढली. आमच्याकडं हिरडा फुलत होता. पहिली माशी बाहेर आली, पेटीसमोर मागं-पुढं झुलली, जागा डोळ्यांत भरून घेतली आणि वर गेली. दुपारपर्यंत हिरड्याखाली आवाज होता. मी जेवायला गेलो नाही.

त्या टिकल्या. वर्षभरात त्या एका पेटीच्या तीन झाल्या. करंज एसटी थांब्यावर लावला; आमच्या थंडीत तो कुरकुरत वाढतो आहे आणि त्याला पाणी मीच घालतो, कारण मी काही दत्ताराम नाही. दिवाळीला मी मधाची बाटली पनवेलला पाठवली. तिकडून निरोप आला की तुमचा मध आमच्यापेक्षा चांगला आहे. हे खरं आहे. पण ते असं सहज म्हणून टाकता येणं मला या जन्मी जमणार नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटतो.

परवा शेजारचा धोंडिबा आला. त्याच्याही पेट्या रोगात गेल्या होत्या. ओट्यावर बसला. उन्हाबद्दल बोलला, रस्त्याच्या खडीबद्दल बोलला, बैलाच्या खुराबद्दल बोलला. मधूनमधून पेट्यांकडं बघत होता आणि घसा साफ करत होता. मी ओळखलं. सुमननंही ओळखलं, ती दारातून मला खुणावत होती, देऊन टाका की.

एक पेटी मी त्याच्यासाठी कालच बाजूला काढून ठेवली होती, आत, माजघरात, त्याला दिसू नये अशी. मी सुमनला चहा ठेवायला सांगितलं. तो उठला, वहाणा पायात घातल्या, परत काढल्या, परत बसला. चहा दोनदा झाला. दिवस कलला. शेवटी तो जमिनीकडं बघत म्हणाला, "गुरुजी, मला एक पेटी देता का?"

मी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"कुठली पाहिजे?" मी विचारलं.